ब्लूबेरीच्या डबीआधी चिरईजामाचा द्रोण

जूनमध्ये पहिल्या सरी पडून गेल्या की रायपूरच्या गोलबाजारात पसरा मांडून बसलेल्या बायकांपुढे काळ्याजांभळ्या फळांचे ढीग दिसू लागतात. छत्तीसगडीत ते चिरईजाम, आपल्या मराठी घरांत जांभूळ. त्याच दिवसांत शहरातल्या मोठ्या दुकानांच्या थंड कपाटांत ब्लूबेरीच्या लहान पारदर्शक डब्या मांडलेल्या असतात. सप्टेंबर २०२३मध्ये अमेरिकेशी झालेल्या समझोत्यात भारताने ताज्या, गोठवलेल्या आणि सुकवलेल्या ब्लूबेरी-क्रॅनबेरीवरचे आयातशुल्क कमी करण्याचे मान्य केले, त्यामुळे या डब्यांची वाट आणखी मोकळी झाली आहे. त्यांच्याबरोबर एक दावाही घरात येतो. बेरी खाल्ल्याने लठ्ठपणात शरीराच्या आत धुमसणारा दाह शमतो, आतड्यातले उपकारक जंतू वाढतात आणि वजन उतरते, असा तो दावा. त्यातला पहिला भाग माणसांवरच्या प्रयोगांत अजून डळमळीत आहे, दुसरा शक्यतेच्या कोटीतला आहे आणि तिसऱ्याला आधार नाही. माझे म्हणणे असे की जो काही फायदा खरोखर संभवतो तो मिळवण्यासाठी रायपूरकराने आधी चिरईजामाच्या द्रोणाकडे वळावे; आणि हे फळ नेमके किती काम करते ते मोजून सांगण्याची जबाबदारी याच शहरातल्या संस्थांनी उचलावी.

मुळात लठ्ठपणाचा आणि दाहाचा संबंध काय, हे नीट समजल्याशिवाय फळाची चर्चा व्यर्थ आहे. चरबी म्हणजे अंगावर साठलेले निष्क्रिय लोणी, ही समजूत १९९०च्या दशकात मोडली. चरबीच्या पेशी फुगू लागल्या की त्या संदेशवाहक रसायने सोडतात, संरक्षक पेशी तिथे जमा होतात आणि जखम नसताना जखमेवरचा उपाय चालू राहतो. ताप येत नाही, सूज दिसत नाही, दुखत नाही. रक्ताच्या तपासणीत सीआरपी या दाह दाखवणाऱ्या प्रथिनाचा आकडा थोडा वर राहतो इतकेच. हा मंद दाह इन्शुलिनचे काम बिघडवतो, रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब करतो आणि यकृतावर ताण आणतो. भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र छापून हे दाखवले होते. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा ज्याला सडपातळ म्हणतो त्याच्या पोटात चरबी दडलेली असू शकते. आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, प्रौढ भारतीयांपैकी ३९.५ टक्के लोकांना पोटाचा लठ्ठपणा होता आणि ११.४ टक्के लोकांना मधुमेह. छत्तीसगड या चित्रात अजून मागे आहे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत इथल्या साधारण सातांतल्या एका स्त्रीचे वजन जास्त आढळले; पण आधीच्या पाहणीच्या तुलनेत आकडा वाढला आहे आणि शहरात तो वाढताना डोळ्यांना दिसतो.

आता आतड्याकडे येऊ. मोठ्या आतड्यात अब्जावधी जंतूंचे बिऱ्हाड असते. आपण न पचवू शकलेल्या चोथ्यावर ते जगतात आणि बदल्यात काही आम्ले तयार करतात, ज्यांवर आतड्याचे अस्तर पोसले जाते. काही जंतूंच्या बाहेरच्या आवरणात एक विषारी घटक असतो. अस्तर धड असेल तर तो आत राहतो. तेलकट-गोडाच्या आहाराने अस्तर सैल झाले की त्याचे अंश रक्तात झिरपतात आणि मंद दाहाला खतपाणी घालतात. २००७मध्ये बेल्जियन आणि फ्रेंच संशोधकांनी उंदरांत हा मार्ग दाखवून दिला. बेरीचा प्रवेश होतो तो इथे. तिचा निळा-जांभळा रंग आणि जिभेला ओढून धरणारी तुरट चव ज्या घटकांमुळे येते त्यांतला फार थोडा भाग लहान आतड्यात शोषला जातो. उरलेला सारा खाली, जंतूंच्या वस्तीत उतरतो. तिथे जंतू त्याचे तुकडे करतात आणि ते तुकडे रक्तात जाऊन कामाला लागतात. म्हणजे फळ आपण खातो, पण त्याचा पुष्कळसा उपयोग ठरवतात ते बिऱ्हाडकरू. कॅनडातल्या लाव्हाल विद्यापीठाच्या चमूने २०१५मध्ये चरबी आणि साखर भरपूर असलेल्या आहारावरच्या उंदरांना क्रॅनबेरीचा अर्क दिला. त्यांचे वजन कमी वाढले, दाह कमी झाला आणि आतड्याच्या श्लेष्म थरावर राहणारा अकर्मान्सिया नावाचा जंतू लक्षणीय वाढला. डब्यांवरच्या आणि पुरवण्यांतल्या उत्साहाचे मूळ अशा प्रयोगांत आहे.

पण उंदीर पिंजऱ्यात असतो, त्याचा आहार ठरलेला असतो आणि त्याला अर्क मिळतो, फळ नाही. माणसांवरचे प्रयोग पाहिले की उत्साहाला लगाम बसतो. लुईझियानातल्या पेनिंग्टन संशोधन केंद्रात २०१०मध्ये ३२ लठ्ठ, पण मधुमेह नसलेल्या लोकांना सहा आठवडे ब्लूबेरीची भुकटी घातलेले किंवा न घातलेले पेय दिले. भुकटी घेणाऱ्यांमध्ये इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारला. मात्र वजन हलले नाही आणि दाहाच्या खुणाही बदलल्या नाहीत. त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या ४८ लोकांच्या आठ आठवड्यांच्या प्रयोगात रक्तदाब उतरला, पण रक्तातली साखर होती तिथेच राहिली. आणि दिलेली भुकटी रोज साधारण ३५० ग्रॅम ताज्या फळांएवढी होती, जी सामान्य घराला परवडणार नाही. सर्वांत नेटका प्रयोग इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने २०१९मध्ये प्रसिद्ध केला. चयापचय बिघडलेल्या ११५ जणांनी सहा महिने रोज १५० ग्रॅम ब्लूबेरीएवढी भुकटी, तिच्या निम्मी किंवा नुसती दिसायला तशी नकली भुकटी घेतली. पूर्ण मात्रा घेणाऱ्यांच्या रक्तवाहिन्या अधिक लवचिक झाल्या. निम्म्या मात्रेने तसे झाले नाही आणि इन्शुलिनचा अडथळा कुणाचाच कमी झाला नाही. या प्रयोगाला अमेरिकी ब्लूबेरी उत्पादकांच्या परिषदेचा पैसा होता. तेवढ्यावरून निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, संशोधकांनी नकारात्मक निकालही उघडपणे छापले आहेत. पण कुठल्या फळाचा अभ्यास होतो आणि कुठल्याचा होत नाही, हे पैशाने ठरते. चिरईजाम विकणाऱ्या बायकांची अशी परिषद नाही.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, मग बेरीचा नादच सोडा. मला तसे वाटत नाही. बारा आठवड्यांत वजन उतरवणारे फळ जगात नाही आणि तशी अपेक्षा करणे हीच चूक आहे. रक्तवाहिन्या जरा लवचिक राहणे, इन्शुलिनने जरा बरे काम करणे, जंतूंना रोज खाद्य मिळणे हे लहान फायदे वर्षानुवर्षे साठत जातात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३मध्ये सुमारे १ लाख ८७ हजार अमेरिकी आरोग्यसेवकांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंद अख्खी खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला, तर फळांचा रस पिणाऱ्यांत जास्त. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे; फळे खाणारा माणूस चालतही जास्त असेल, धूम्रपान कमी करत असेल, संशोधकांनी हे सगळे हिशेबात घेतले तरी शंकेला थोडी जागा उरतेच. पण अख्खे फळ आणि रस यांतला फरक त्यातून स्पष्ट दिसतो, आणि माझ्या मते पूर्ण विषयातली हीच सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. साल, गर आणि चोथा एकत्र असला तरच साखर हळूहळू रक्तात जाते आणि जंतूंपर्यंत काही पोहोचते. गाळून घेतले की पहिल्यांदा फेकला जातो तो जंतूंचा वाटा.

इथून खरा मुद्दा सुरू होतो. बेरीचा फायदा जर जंतू ठरवत असतील, तर कुणाचे जंतू? स्ट्रॉबेरी, रास्पबेरी आणि डाळिंबातल्या तुरट घटकांपासून काही माणसांचे जंतू युरोलिथिन नावाची उपयोगी रसायने बनवतात, काहींचे जंतू वेगळ्या प्रकारची बनवतात, काहींचे मुळीच बनवत नाहीत. एकच फळ, तीन माणसे, तीन निकाल. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या आतड्यांची तपासणी केली तेव्हा प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या जंतूंचे प्राबल्य आढळले. भोपाळच्या आयसर संस्थेने २०१९मध्ये मध्य भारत आणि केरळ इथल्या ११० लोकांचे नमुने तपासून हेच अधिक बारकाईने मांडले. धान्य-भाजीच्या आहारावर जगणाऱ्या मध्य भारतीयांत प्रेव्होटेला विशेष भरून होता. लुईझियानातल्या किंवा इंग्लंडमधल्या माणसाच्या आतड्यातली वस्ती अशी नसते. म्हणून ब्लूबेरीचा परदेशी निकाल जसाच्या तसा रायपूरला लावणे हे जांभळाला ब्लूबेरी म्हणण्याइतकेच घाईचे आहे. जंतूंच्या बाबतीत घाई किती महागात पडते याचा धडा याच क्षेत्राने घेतला आहे. लठ्ठ माणसात जंतूंचा अमुक मोठा गट जास्त आणि तमुक कमी, ही सुरुवातीची ठाम मांडणी पुढच्या अभ्यासांत टिकली नाही.

मग जांभळाचा पक्ष कशावर उभा आहे? वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने जांभूळ खरी बेरी आहे, स्ट्रॉबेरी नाही. पण ही शब्दांची मौज झाली, तिच्यावर आरोग्य ठरत नाही. महत्त्वाचे हे की जांभळाचा रंग ब्लूबेरीच्याच रंगद्रव्यांच्या कुळातला आहे. डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन आणि माल्व्हिडिन ही त्यातली मुख्य. जिभेला जांभळा रंग चढवणारी ही द्रव्ये लहान, रानटी चिरईजामात सालीपाशी असतात, आणि फळ लहान असले की गराच्या मानाने साल जास्त. म्हणजे तर्क भक्कम आहे. पुरावा मात्र तेवढा भक्कम नाही. जांभळाने लठ्ठ माणसाचा दाह किंवा जंतू बदलले असे दाखवणारा मोठा, काटेकोर प्रयोग माझ्या हाताशी नाही, आणि असा प्रयोग झाल्यासारखे लिहिणे अप्रामाणिक ठरेल. मधुमेहावर जांभळाची ख्याती फार जुनी आहे. पण ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या काढ्याची माणसांवर रीतसर तुलना केली तेव्हा रक्तातल्या साखरेवर त्याचा प्रभाव आढळला नाही. बियांची भुकटी घेऊन औषध बंद करणाऱ्या रुग्णाला हे कुणीतरी सांगायला हवे. ज्याची मधुमेहाची गोळी चालू आहे त्याने ती चालूच ठेवावी आणि जांभूळ फळ म्हणून खावे.

तर्क आणि पुरावा यांत अंतर असताना माणसाने काय करायचे? पर्याय तुलनेने पाहायचे. १५० ग्रॅम आयात ब्लूबेरी रोज खाणे सामान्य घराच्या आवाक्यात नाही. चार-पाच दाणे दह्यावर टाकून फोटो काढण्यापुरती ती येते आणि निम्म्या मात्रेने काय होते ते इंग्लंडच्या प्रयोगात दिसलेच. सुकवलेली क्रॅनबेरी बहुधा साखरेच्या पाकात मुरवलेली असते, कारण नैसर्गिक क्रॅनबेरी खाता येणार नाही इतकी आंबट. उलट चिरईजाम, हंगामात, पोटभर खाता येते आणि त्याच्या किमतीत विमानभाडे नसते. त्याने रक्तवाहिन्यांचे भले होते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी ज्या पदार्थाची जागा ते घेते त्याचा विचार केला की पारडे झुकते. रायपूरची सकाळ पोहे-जिलबीची, दुपार भाताची, संध्याकाळ समोशाची. आयसीएमआरच्याच ताज्या पाहणीप्रमाणे भारतीयांच्या उष्मांकांतले सुमारे ६२ टक्के पिष्ट आणि साखरेतून येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला १०० ग्रॅम फळ सांगितले आहे. चारच्या चहाबरोबरचा गोड पदार्थ काढून तिथे मूठभर जांभळे आली तर नुकसान होण्याचा प्रश्नच नाही, फायदा किती एवढेच मोजायचे उरते.

जांभूळ जेमतेम सहा आठवडे टिकते, मग वर्षभराचे काय, हा आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर एका फळात नाही, छत्तीसगडच्या रानाच्या पंचांगात आहे. एप्रिल-मेमध्ये चार पिकते, ज्याच्या बियांतून चारोळी निघते. चारोळी सगळ्यांना ठाऊक, पण तिच्याभोवतीचे काळे आंबटगोड फळ शहर जवळपास विसरले आहे. त्याच सुमारास तेंदूची फळे, ज्यांना महाराष्ट्रात टेंभुर्णी म्हणतात. उन्हाळा संपताना करवंदे, डोंगरची काळी मैना. मग चिरईजाम. थंडीत आवळा आणि बोर, छत्तीसगडीत बोइर. शिवरीनारायणला शबरीने रामाला बोरे दिली अशी इथली श्रद्धा आहे, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत बाळांचे बोरन्हाण होते. बाळाच्या डोक्यावर ओतलेल्या बोरांत आता चॉकलेटेच जास्त असतात, याचे मला वाईट वाटते. बोर हे आठळीचे फळ आहे, त्यात निळे रंगद्रव्य नाही. त्याची जातकुळी वेगळी आणि त्याचे घटकही वेगळे. पण जंतूंना एकाच रंगाचे खाद्य देण्यापेक्षा वर्षभर वेगवेगळे, चोथ्याचे, तुरट, आंबट खाद्य देणे अधिक हिताचे, असे मानायला चांगली कारणे आहेत. मात्र बोरकुटात मीठ आणि गूळ किती घातला हे पाहिल्याशिवाय ते फळाच्या हिशेबात धरू नये, आणि बाटलीतल्या जांभूळ सरबताबद्दल तर रसाचेच बोलणे लागू.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. लठ्ठपणा हा शहरी प्रश्न. पण ही फळे ज्या बायका रानातून वेचून आणतात त्यांच्याकडे प्रश्न उलटा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या त्याच पाचव्या पाहणीत छत्तीसगडमधल्या जवळपास चारांतल्या एका स्त्रीचे वजन गरजेपेक्षा कमी होते. शहराने चिरईजामाला आरोग्याचे फळ म्हणून डोक्यावर घेतले, भाव चढला आणि वेचणाऱ्या घरातल्या मुलांच्या वाट्याचे फळही बाजारात गेले, तर शहराच्या सुटलेल्या पोटाचा भार पुन्हा रानावर पडेल. म्हणून मी रानातून जास्त ओरबाडा असे म्हणत नाही. रस्त्याकडेला सावलीसाठी जांभूळ लावण्याची चाल या देशात जुनी आहे. फळे पडून रस्ता घाण होतो म्हणून तिला नाके मुरडली जातात. रायपूर आणि नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांकडेला, शाळांच्या आणि तलावांच्या काठांवर ओळीने जांभूळ, बोर, आवळा लावला तर शहराची गरज शहरातच भागू शकते. राज्य वनोपज संघाने ‘छत्तीसगड हर्बल्स’ या नावाने उत्पादने बाजारात आणली आहेत. त्या बळावर गर गोठवण्याची सोय केली आणि वेचणाऱ्या गटांना फळाचा रास्त हमीभाव दिला, तर सहा आठवड्यांचे फळ सहा महिने पुरवता येईल, आणि त्यात साखर घालावी लागणार नाही.

हा गोठवलेला गर हाताशी आला की प्रयोगाला अडचण उरत नाही. रायपुरात २०१२पासून एम्स आहे, त्याआधीपासून पं. जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ आहे. जांभळाच्या जातींतला रंग मोजायला कृषी विद्यापीठ, रुग्ण तपासायला एम्स, आतड्यातले जंतू वाचायला पुणे किंवा भोपाळची मदत. पोटाचा घेर जास्त असलेले दीडशे-दोनशे स्त्री-पुरुष घ्यावेत. काहींना रोज ठरलेल्या वजनाचा अख्ख्या फळाचा गर द्यावा, काहींना तेवढ्याच साखरेचा आणि उष्मांकांचा रंगहीन गर. सहा महिन्यांत सीआरपी, इन्शुलिनचा प्रतिसाद, रक्तवाहिन्यांची लवचिकता आणि विष्ठेतले जंतू तपासावेत. वजन हे मुख्य माप ठेवू नये, कारण वजन हलणार नाही हे आधीच्या प्रयोगांनी सांगितले आहे आणि तेवढ्यावरून फळाला नापास करणे चुकीचे ठरेल. निकाल नकारात्मक आला तरी तो छापावा. पैसा सरकारी असावा, गर विकणाऱ्यांचा नसावा. स्वयंसेवक मिळवायला चौबे कॉलनीतले महाराष्ट्र मंडळ आणि शहरातल्या इतर समाजांच्या संस्था पुढे येऊ शकतात. भाताच्या आणि पोळीच्या, मांसाहारी आणि शाकाहारी अशा निरनिराळ्या ताटांवर वाढलेली आतडी एकाच शहरात इतक्या सहज क्वचितच मिळतील. चिरईजामाचा पुढचा हंगाम जूनमध्ये येईल, तेव्हा गर गोठवायचा असेल तर नैतिकता समितीची परवानगी आणि निधी यांची कागदपत्रे थंडीतच, बोरे बाजारात असताना, हलायला हवीत.